वीतभर अंतरावरून

मी रायपुरात सदतीस वर्षं लोकांचे चेहरे मोठे करून देतोय. पहिली सोळा-सतरा वर्षं ब्रशनं, नंतरची कॉम्प्युटरवर. ब्रशच्या काळात माझ्या हातून फारशा चुका झाल्या नाहीत, कारण चूक करायलाही वेळ लागायचा. कॉम्प्युटर आल्यावर कामाचा वेग वाढला.

पुरानी बस्तीत एका देवळामागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. वडील अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडं आले. मीही रेल्वेत जाणार होतो, पण रेल्वेचं मत वेगळं पडलं. चित्र बरं काढायचो, म्हणून पाट्या रंगवू लागलो. त्या वेळी गिऱ्हाईक स्वतःचा पत्रा खांद्यावर घेऊन यायचं आणि भिंतीला टेकवून ठेवायचं. पत्रा समोर उभा असल्यामुळे 'किती मोठं' हा प्रश्नच नसायचा. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, पत्र्यावर खडूच्या दोऱ्यानं तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी मारायच्या आणि एकेक चौकट उचलून तिकडं नेऊन ठेवायची. मध्येमध्ये मागं सरकत जायचं, समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीला टाच लागेपर्यंत. पायरीला टाच लागली की चित्र नीट दिसायचं. शिवाय खिळ्याला दाढीचा आरसा टांगलेला असायचा. चित्र आरशात बघितलं की वाकडा डोळा लगेच सापडतो. आपल्या चुकीची आपल्या नजरेला सवय झालेली असते, आरशात ती दुसऱ्याची असल्यासारखी दिसते.

कॉम्प्युटरवर पत्रा नसतो. पांढरी जागा, म्हणजे कॅनव्हास, उघडायच्या आधीच तो विचारतो: रुंदी किती, उंची किती, रिझोल्यूशन किती? मी कित्येक वर्षं ते न वाचता 'ठीक आहे'चं बटण दाबत आलो. लग्नाच्या वेळीही मी असंच केलं होतं, असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तरी नशीब चांगलं निघालं तुमचं. कॅनव्हासचं नाही निघालं."

बाहेरच्या माणसाला हे सांगायचं तर ठिपक्यांची रांगोळी आठवा. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे तीच, फक्त ठिपके चौकोनी आणि एकमेकांना चिकटलेले. त्यांना पिक्सेल म्हणतात. कॅनव्हासची साइज म्हणजे आडवे ठिपके किती आणि उभे किती. रिझोल्यूशन म्हणजे कागदाच्या एका इंचात त्यातले किती बसवायचे. बस. धंद्यातलं सगळं ज्ञान एवढंच आहे आणि ते यायला मला अकरा वर्षं लागली. वीस ठिपक्यांची रांगोळी अख्ख्या अंगणावर ताणली तर ठिपके वाढत नाहीत, मधली जागा वाढते. ती जागा कॉम्प्युटर अंदाजानं भरतो, आणि अंदाजाचा रंग धुरासारखा असतो.

मध्यंतरी कुणीतरी सांगितलं की चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. मी तयार चित्रं उघडली, रिझोल्यूशनच्या चौकटीतलं बहात्तर खोडून तीनशे लिहिलं आणि दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो की आपल्याकडं आता तीनशेचं काम होतं. लिटरभराच्या पातेल्यावर पाच लिटर लिहून ठेवण्यातला हा प्रकार. दूध तेवढंच होतं.

याच काळात बीरगांवहून लग्नात बाजा वाजवणाऱ्या पार्टीचे मालक आले. त्यांना गाडीवर लावायला बारा फुटी बॅनर हवा होता, त्यावर स्वतःचा चेहरा. फोटो त्यांनी मोबाइलवर पाठवला. तो आधी त्यांच्या साळ्यानं त्यांना पाठवला होता, साळ्याला आणखी कुणी. मोबाइलवरून फोटो जितक्या हातांतून जातो तितका झिजतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. बॅनर छापून आला, आम्ही रस्त्याच्या कडेला पसरला. मालकांच्या नाकाच्या जागी सहा-सात चौकोनी विटा होत्या.

"मोर नाक कहाँ गे भैया?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "जरा पीछे से देखिए."

ते रस्ता ओलांडून पलीकडं गेले. ट्रक गेला, दोन ऑटो गेल्या. मग तिकडूनच ओरडले, "हव, इहाँ ले दिखत हे!" इथून दिसतंय म्हणे.

ते बॅनर घेऊन गेले आणि मी एक तत्त्वज्ञान घेऊन बसलो. त्या दिवसापासून कुणीही म्हणालं की चित्र पुसट आहे, तर माझ्याकडं एकच औषध होतं: थोडं मागं जाऊन बघा. गिऱ्हाईक मागं जायचं आणि खूश होऊन घरी जायचं. मी माझ्या आयुष्यातला बराच धंदा लोकांना मागं ढकलून केला आहे.

मेश्रामताई आल्या त्या दिवशीही हे औषध माझ्या खिशात होतंच.

ताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, घर बीरगांवला. लग्नातला जुना ग्रुप फोटो त्यांनी पिशवीतून काढून काउंटरच्या काचेवर ठेवला. तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा.

"भाऊ, मायचा फोटो हा एकच हाय. हॉलमंदी लावाचा हाय, पुढच्या महिन्यात तिचा स्मृतिदिन हाय. बनते का यातून?"

"बनते ना ताई. काहून नाही बनत?"

"आन् लवकर करा. बाबाचे डोळे चालले." गॅसची टाकी संपत आली असं सांगावं तशा स्वरात त्या म्हणाल्या. "डोळ्यामागचा पडदा झिजून राहिला. चष्म्यानं काही होत नाही म्हणते डॉक्टर. जेवढं दिसून राहिलं तेवढं दिसन. बाबाले तिचं तोंड एकदा पाहाचं हाय."

फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "मायच्या गालावर गोंदण होतं, तीन ठिपके. यात दिसत नाही. पण कोणत्या गालावर..." त्या थांबल्या. "मले आता आठवत नाही, भाऊ. रोज पाहत होती, तरी. बाबालेच माहीत हाय."

म्हणून मी बीरगांवला गेलो. बाबा अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. रेल्वेत खलाशी होते, अवजड ओढायचं काम, मनगटं अजून तशीच. मी जय भीम म्हटलं, त्यांनी आवाजाकडं तोंड वळवलं. गोंदणाचं विचारल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर बोट टेकवलं.

"इथं. दोन वर, एक खाली. चुलीचे तीन दगड अस्तेत ना, तसे. लहानपणीचं गोंदण, पण मिटलं नाही शेवटपर्यंत."

नाक, भुवया, हसल्यावर कोणता दात दिसायचा, सगळं त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. सगळं विचारलं मी. फक्त एक सोडून.

दुकानात येऊन कॅनव्हास उघडला. नऊशे ठिपके आडवे, बाराशे उभे. का? तर तेवढं माझ्या स्क्रीनवर पूर्ण मावतं आणि पूर्ण चित्र समोर दिसलं की मला बरं वाटतं. दुसरं कारण नव्हतं. तीन आठवडे राबलो. पदराचा काठ, कपाळावरच्या बारीक बटा, गालावर तीन ठिपके. स्क्रीनवर बाई अशी दिसत होती की आता पापणी हलवेल.

मग ताईंचा फोन. "भाऊ, भिंत मोठी हाय. तीन बाय चार फूट करा."

"होते ना ताई."

मी एक आकडा बदलला आणि छापायला पाठवून दिलं. हिशेब करायला पाटी-पेन्सिलही लागली नसती: तीन फूट म्हणजे छत्तीस इंच, ठिपके नऊशे, म्हणजे एका इंचाच्या वाट्याला पंचवीस. तीनशेच्या जागी पंचवीस. पण तो हिशेब मी पुढं केला. आधी केला असता तर हा लेख लिहायला माझ्याकडं विषय उरला नसता.

स्मृतिदिनाला मी आणि बायको दोघंही गेलो. हॉलमध्ये चित्र, त्याला हार, खाली मेणबत्त्या. वंदना झाली. लोक सतरंजीवर दहा-बारा फुटांवर बसलेले, आणि दहा-बारा फुटांवरून चित्र खरोखर फर्स्ट क्लास दिसत होतं. ताईंचे एक भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, म्हणाले, "जिवंत बसवली बाईले!" मी नम्रपणे मान खाली घातली. बायको माझ्याकडं बघत होती. नम्र झालो की तिला शंका येते.

तेवढ्यात बाबा उठले. कुणी हात धरायला गेलं तर त्यांनी झटकला. चालत चालत चित्रापर्यंत गेले, आणखी पुढं गेले, नाक काचेला लागेल इतके. सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि गालावर धरलं.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाबा, थोडं मागं येऊन पाहा."

"मागं आलो तं मले भिंतच नाही दिसत, बापू."

भिंग गालावरून फिरत होतं. "हे काय हाय? डाग व्हय?"

"गोंदण आहे बाबा," मी म्हणालो.

"गोंदण तीन होतं." भिंग कपाळाकडं गेलं, डोळ्यांवर आलं, ओठांवर आलं. पंचवीस ठिपक्यांचा धूर, त्यावर भिंग, म्हणजे धूर आणखी मोठा. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि सभ्यपणे विचारलं, "बाई चांगली हाय. कोन व्हय?"

ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. भाटव्यांना घसा खाकरायचं सुचलं. मी चित्राखालच्या मेणबत्त्या मोजू लागलो.

ते चित्र अजून तिथंच आहे. ताईंनी त्याच्याखाली दिवाण ठेवलाय, त्यामुळे कुणाला फार जवळ जाता येत नाही. मी गेलो की मला त्याच दिवाणावर बसवतात, पाठ चित्राकडं.

त्या दिवशी परत येताना बायको स्कूटरवर मागून म्हणाली, "किती मोठं पाहिजे ते तुमाले माहीत होतं. कोन कुठून पाहणार हाय ते इचारलं होतं का?"

मी म्हणालो, "ट्रॅफिक आहे, नंतर बोलू." रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी ताईंना फोन करून सांगितलं की नवीन काढून देतो. आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. माणूस एकदा कमी पडला की पुढच्या वेळी जास्त वाढतो, जेवणात आणि कॅनव्हासमध्येही. तीन बाय चार फूट, इंचाला पुरे तीनशे. दहा हजार आठशे ठिपके आडवे, चौदा हजार चारशे उभे. गुणाकार केला तर साडेपंधरा कोटी. शहरात माणसं असतील त्यापेक्षा कितीतरी जास्त ठिपके मी एका बाईच्या चेहऱ्यासाठी मांडले.

कॉम्प्युटरनं ते ऐकून घेतलं. उत्तर मात्र दिलं नाही. कॉम्प्युटरचं पेन फिरवलं की रेष लगेच उमटत नसे, मी चहा सांगून यायचो तेव्हा ती अर्ध्यावर आलेली असायची. कुठली भुवई काढली हे मला भुवई आल्यावर कळायचं. चार दिवस असा संसार केला. पाचव्या दिवशी दुपारी स्क्रीन पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. फाइल उघडेना. चार दिवसांत एक डोळा आणि अर्धं नाक झालं होतं, तेही गेलं.

त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, राग नका मानू. पण बाबा आज दाराची कडी चाचपडत होते."

सकाळी उठून बीरगांवला गेलो, कपडे मोजायचा टेप खिशात घालून. तो आधी न्यायला पाहिजे होता.

बाबा अकराच्या उन्हात खाटेवर बसून वंदनेचं पुस्तक वाचत होते. पाठ होतंच त्यांना सगळं, तरी वाचत होते. पुस्तक डाव्या हातात, भिंग उजव्या, आणि पुस्तक इतकं जवळ की पान उलटलं तर नाकाला लागावं. मी बाजूला उकिडवा बसलो.

"काय करून राहिला?" बाबांनी विचारलं.

"मोजून राहिलो, बाबा."

"काय?"

"तुमच्या डोळ्यापासून पुस्तक किती लांब हाय ते."

बाबा हसले. "टेप काहून पाहिजे त्याले? वीत हाय वीत." आणि त्यांनी अंगठा भुवईला लावून करंगळी पुस्तकावर टेकवली. बरोबर वीत.

मी सदतीस वर्षं भिंती मोजल्या. डोळ्यापासूनचं अंतर त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं, तेही गिऱ्हाइकानं मोजून दिलं. या माणसाला भिंतीवरचं चित्र नकोच होतं. त्याला हातात धरता येईल, उन्हात नेता येईल, भिंग लावता येईल असा एक कागद हवा होता. पुस्तकासारखा.

नऊ इंच रुंद, बारा इंच उंच. हातात धरून बघायच्या चित्राला इंचाला तीनशे ठिपके चालतात, पण हे वीतभरावरून बघणार आणि वर भिंग, म्हणून मी चारशे धरले. तीन हजार सहाशे आडवे, चार हजार आठशे उभे. साडेपंधरा कोटींचे पावणेदोन कोटी झाले. कॉम्प्युटर माझ्याशी पुन्हा बोलायला लागला.

बाई तिसऱ्यांदा काढली. आता मला ती पाठ झाली होती, फोटो बाजूला ठेवला तरी चालत होतं. आधीच्या नऊशे ठिपक्यांत मी बटा रंगवल्या होत्या असं मला वाटायचं. या वेळी केस काढले. गोंदणाचा एकेक ठिपका आता पंधरा-वीस ठिपक्यांचा होता, त्याला कड देता येत होती आणि जुन्या गोंदणाचा तो हिरवट-निळा रंगही. पूर्वी दाढीच्या आरशात बघायचो, तसं आता एका बटणानं चित्र उलटं करून बघतो. उजवं डावं, डावं उजवं. तसं बघितलं, एक भुवई चढलेली सापडली, उतरवली. कागद बिनचमकीचा घेतला, कारण चमकणारा उन्हात डोळ्यावर येतो. हे मला न चुकता सुचलं, याची इथं नोंद असावी.

अकराच्या सुमारास पोचलो. ताई दारात उभ्या राहिल्या, पुढं आल्या नाहीत. मी कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो वीतभरावर आणला, भिंग काढलं.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्याही मी मोजल्या. भिंग गालावर थांबलं.

"एक," बाबा म्हणाले. "दोन. आन् हा खाली. तीन."

मग भिंग वर गेलं, डोळ्यांवर.

"भागरथा," ते म्हणाले.

दारात ताईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता उठावं, आपलं काम झालं. तेवढ्यात बाबांनी मान तिरपी केली.

"पण गोंदण इकडं कसं गेलं?"

"कुठं, बाबा?"

"ह्या गालावर नव्हतं. त्या." त्यांनी पुन्हा स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

चित्रातल्या बाईच्या उजव्या गालावर तीन ठिपके स्वच्छ, टोकदार, एकेक मोजून घ्यावेत असे दिसत होते. चित्र उलटं करून तपासलं होतं मी. भुवई उतरवली होती. परत सुलटं करायचं राहिलं होतं. तशीच बाई छापून, पाकिटात घालून, बीरगांवपर्यंत आणली होती.

इतक्या वर्षांत माझ्या शेकडो चुका लोकांनी काढल्या. चूक काढल्याचा आनंद झाला तो एवढाच एकदा. नऊशे ठिपक्यांत ही चूक कुणाला दिसलीच नसती.

"बाबा, माझ्याकडून उलटं झालं," मी म्हणालो. "एका बटणाचं काम हाय. उद्या सीधी करून आणतो. द्या तो कागद."

मी हात पुढं केला. बाबांनी कागद छातीशी धरला.

"उद्याची उद्या आन. ती पण पाहिजे. पण ही नाही देत मी."

"पण ही उलटी हाय, बाबा!" दारातून ताई म्हणाल्या.

"मले सांगते का तू?" बाबा म्हणाले. "सकाळी आरशापुढं बसून वेणी घाले. मी ड्युटीवर जाताना मागं उभा राहून पाहो. आरशात अशीच दिसे, गोंदण ह्याच बाजूले." त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "तिले वाटे मी भांग पाडून राहिलो."

मला राहवलं नाही. ते नेमकं कुठं बघताहेत ते बघायला मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो.

"बापू," कागदावरून नजर न उचलता बाबा म्हणाले, "थोडा मागं सरक. ऊन अडते."

मी मागं सरकलो.